पावसाच्या तोंडावर तीन पॉलिप : स्नेअर निवडीचं एक प्रकरण

रुग्णाची आणि रुग्णालयाची ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. लिहिणारा एंडोस्कोपी विभागात, म्हणजे दुर्बिणीनं पोटाच्या आत बघतात तिथं, सहाय्यक आहे. या कामात दुर्बीण डॉक्टरांच्या हातात असते आणि स्नेअरची, म्हणजे आतड्यातले कोंब (पॉलिप) कापायच्या तारेच्या फासाची, मूठ सहाय्यकाच्या. त्यामुळं हे टिपण मुठीच्या बाजूनं लिहिलेलं आहे.

पार्श्वभूमी

कोल्हापूर शहरातलं मध्यम आकाराचं खासगी रुग्णालय. शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा अशा पश्चिमेकडच्या तालुक्यांतले रुग्ण आमच्याकडं जास्त. येताना बहुतेकांचं निदान घरीच ठरलेलं असतं. संडासवाटे रक्त गेलं की मूळव्याध, आणि मूळव्याध म्हटलं की मलम, नाहीतर शेजारच्या गावात पुडी देणारा कुणीतरी.

हे गृहस्थही तसेच आले. वय साठीच्या थोडं पुढं, गगनबावडा तालुक्यातल्या एका वाडीवर भात आणि थोडा ऊस. सोबत मुलगा. तो ‘आबा’ म्हणायचा, म्हणून आम्हीही आबाच म्हणायला लागलो. चार-पाच महिने अधूनमधून लाल रक्त जात होतं आणि हिमोग्लोबिन १०.४ वर आलं होतं. आमच्या सरांनी, म्हणजे दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांनी, कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी) सुचवली तेव्हा आबा म्हणाले, “मूळव्याधच हाय की. त्येला दुर्बीण कशाला घालायची?” मूळव्याध होतीच, पण या वयात रक्त जातंय आणि हिमोग्लोबिनही उतरलंय म्हटल्यावर मूळव्याधीवर बोट ठेवून गप्प बसता येत नाही. मुलानं समजूत घातली आणि तपासणी ठरली.

तारीख जूनच्या अखेरची पडली. याचा पॉलिपशी काय संबंध, असं बाहेरच्या वाचकाला वाटेल. कोल्हापूर ते गगनबावडा अंतर साधारण ५५ किलोमीटर. जुलैमध्ये पावसानं जोर धरला की या रस्त्यावर मांडुकलीजवळ पाणी येतं आणि वाहतूक थांबते. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची पातळी ४३ फूट आहे. हे दोन आकडे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. नदी त्या आकड्यांच्या आसपास गेली की पश्चिमेकडच्या माणसानं शहरात यायचं म्हणजे यायच्या आधी चार फोन.

आता साधनांविषयी. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला मांसल कोंब. बहुतेक निरुपद्रवी राहतात. अ‍ॅडेनोमा जातीचे मात्र वर्षानुवर्षं वाढत जाऊन त्यातल्या काहींचा कर्करोग होतो, म्हणून दिसला की काढायचा. काढायचा तो स्नेअरनं. स्नेअर म्हणजे प्लॅस्टिकच्या नळीतून बाहेर येणारा तारेचा फास. तो दुर्बिणीच्या वाटेनं आत जातो, पॉलिपभोवती बसतो आणि बाहेर मूठ दाबली की आवळतो. विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी न्यूयॉर्कमध्ये १९६९ मध्ये या पद्धतीनं मोठ्या आतड्यातला पॉलिप पोट न उघडता काढला. तेव्हापासून बरीच वर्षं तार आवळायची आणि करंट द्यायचा हाच रिवाज राहिला. करंटनं ऊती कापली जाते आणि रक्तवाहिनी भाजून बंद होते. करंट न देता नुसत्या तारेनं कापायची पद्धत, म्हणजे कोल्ड स्नेअर, लहान पॉलिपसाठी सर्वमान्य झाली ती अलीकडं. युरोपीय एंडोस्कोपी संघटनेनं २०१७ च्या मार्गदर्शिकेत ९ मिलिमीटरपर्यंतच्या बसकट पॉलिपसाठी तिचीच शिफारस केली.

आमच्या कपाटात त्या वेळी दोन प्रकारचे स्नेअर होते. नेहमीचा होता पिळाच्या जाड तारेचा, लांबट गोल, करंट जोडता येणारा. दुसरा नवा, खरेदीआधी वापरून बघायला आलेला. त्याची तार ०.३० मिलिमीटरची, फास लहान आणि ढालीच्या आकाराचा, मुठीवर करंट जोडायचं टोकच नाही. खरेदी विभागाचा सवाल साधा होता : एकात भागतंय तर दोन कशाला? त्यात नवा महाग आणि एका रुग्णानंतर टाकून द्यायचा.

अडचण

तपासणीच्या दिवशी सकाळी आबा आत आले. पोट साफ करायचं औषधाचं पाणी कसंबसं संपवलेलं, रात्रभर संडासच्या वाऱ्या, चेहरा उतरलेला. सिस्टरनं सलाइन लावताना गोळ्यांची पिशवी मागितली. त्यात अ‍ॅस्पिरिन निघाली आणि क्लोपिडोग्रेलही, दोन्ही रक्त पातळ करणाऱ्या. सव्वा वर्षापूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला. नावनोंदणीच्या कागदावर ‘चालू औषधं’ या रकान्यात ‘हृदयाच्या गोळ्या’ एवढंच लिहिलेलं होतं. आदल्या दिवशी फोन झाला तो मधुमेह आहे का आणि पोट साफ होतंय का, एवढ्यापुरता.

नुसतं बघायला या गोळ्यांची आडकाठी नसते. बायोप्सीही, म्हणजे तपासायला लहानसा तुकडा, घेता येते. म्हणून दुर्बीण घातली.

तीन पॉलिप दिसले. उजवीकडच्या चढत्या आतड्यात एक ४ मिलिमीटरचा, बसकट. आडव्या आतड्यात दुसरा ८ मिलिमीटरचा, चपटा, कडा नीट दिसणार नाहीत इतका अस्तरात मिसळलेला. आणि डावीकडं खाली, सिग्मॉइडमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या वळणात, तिसरा देठावर लोंबणारा. त्याचं डोकं १६ मिलिमीटरच्या आसपास, देठ सुमारे ६ मिलिमीटर जाड, डोक्याची एक बाजू लालभडक आणि खरचटलेली. रक्त कुठून येत होतं ते कळलं.

म्हणजे एकाच माणसात तीन जातींची कामं, अंगात रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या आणि घराच्या वाटेवर पाणी चढायची भीती.

समोरचे पर्याय

टेबलाशी उभं राहून बोलणं झालं ते असं.

सगळ्यात सरळ वाटणारा पर्याय म्हणजे तिन्ही आजच जाड स्नेअरनं करंट देऊन काढायचे. एक साधन, एक तयारी, एक बिल. आबांनाही हेच हवं होतं. अडचण काढतानाची नसते, नंतरची असते. करंटची उष्णता अस्तराखालच्या थरातल्या रक्तवाहिन्यांपर्यंत जाते. त्या जागी खपली धरते आणि ती सुटते काही दिवसांनी. त्या वेळी रक्तस्राव होऊ शकतो, अगदी दोन आठवड्यांपर्यंत. तैवानमध्ये ४ ते १० मिलिमीटरच्या पॉलिपवर ४,२७० जणांमध्ये मोठी यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली) चाचणी झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षात उशिराचा रक्तस्राव करंटच्या गटात १.५ टक्के आणि कोल्ड गटात ०.४ टक्के होता. दोन्ही आकडे लहानच आहेत. पण ज्या माणसाचा रस्ता बंद होऊ शकतो आणि जो क्लोपिडोग्रेलवर आहे, त्याच्यासाठी लहान पॉलिपवर विनाकारण करंट का द्यायचा?

मग उलटं का नको? तिन्ही पातळ तारेनं, करंटशिवाय? इथं दोन स्नेअरमधला खरा फरक समोर येतो. पातळ तार पटकन कापते, म्हणून चपट्या पॉलिपवर ती चांगली. आणि पटकन कापते, म्हणूनच देठावर ती धोक्याची. देठाच्या मधोमध पॉलिपला रक्त पुरवणारी वाहिनी असते. ती न भाजता कापली तर रक्ताची चिळकांडी तिथंच उडते, आणि या रुग्णात ती सहजासहजी थांबायची नाही. देठाच्या पॉलिपला जाड तार आणि करंटच लागतो. तारेनं आधी देठ दाबून धरायचा, मग उष्णतेनं वाहिनी बंद करत कापायचं.

मुलाचा पर्याय वेगळा होता. “पाऊस जाऊ दे सर, दिवाळीनंतर बघू.” पॉलिप सावकाश वाढतात, चार महिन्यांत आकाश कोसळत नाही, हे खरं. पण आबांचं रक्त जातच होतं, हिमोग्लोबिन उतरतच होतं. शिवाय काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय देठाच्या पॉलिपच्या डोक्यात काय आहे ते सांगता येत नाही. माझ्या मते हा पर्याय सगळ्यात कच्चा होता, पण तो मांडणाऱ्याची अडचण खरी होती. भाताच्या रोपलागणीत घरातले दोन गडी दवाखान्यात अडकणार होते.

आणखी एक पर्याय होता, तो मला बराच वेळ पटत होता. आज काहीच काढायचं नाही, क्लोपिडोग्रेल थांबवायची आणि आठवड्यानं तिन्ही एकदम काढायचे. सरांनी तो खोडला तो ४ मिलिमीटरच्या पॉलिपमुळं. एवढा लहान पॉलिप घडीमागं दडला की पुढच्या वेळी सापडेलच असं नाही. पोटाची सफाई आज उत्तम होती, पुढच्या वेळी अशी असेलच असं नाही. वरचे दोन आज काढून टाकले तर पुढच्या वेळी फक्त सिग्मॉइडपर्यंत जायचं. काम कमी, गुंगीचं औषध कमी.

पहिला निर्णय : दोन आज, एक नंतर

सरांनी टेबलावरूनच हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला. स्टेंटला वर्ष उलटलेलं असल्यानं अ‍ॅस्पिरिन चालू ठेवून क्लोपिडोग्रेल पाच दिवस थांबवायला त्यांनी हरकत घेतली नाही. आजची गोळी मात्र पोटात गेलेलीच होती. देठाचा पॉलिप आज नाही, हे तिथंच पक्कं झालं.

मग आजचे दोन लहान पॉलिप क्लोपिडोग्रेल चालू असताना काढायचे का? हाँगकाँगमधल्या २०१९ च्या एका चाचणीत ही गोळी चालू ठेवलेल्या गटात पॉलिप काढल्यानंतरचा उशिराचा रक्तस्राव ३.८ टक्के आणि थांबवलेल्या गटात ३.६ टक्के होता. चाचणी लहान होती, एवढ्यावर सरसकट धोरण ठरत नाही. पण पॉलिप लहान, पद्धत करंटशिवायची, आणि रक्त आलंच तर बहुधा लगेच, डोळ्यांसमोर येणार. आमच्या दृष्टीनं हे पारडं ‘काढू या’कडं झुकलं. आबांच्या मुलाला आत बोलावून हे सगळं सांगितलं आणि संमतिपत्रावर दोन्ही टप्पे वेगळे लिहिले.

४ मिलिमीटरचा पॉलिप काढण्यात सांगण्यासारखं काही नाही. फास टाकला, मिटला, निघाला.

८ मिलिमीटरच्या चपट्या पॉलिपवर मात्र दोन्ही तारांची तुलना आपोआप झाली. पॉलिप पडद्यावर घड्याळात पाच-सहा वाजतात त्या बाजूला आणला, कारण साधन दुर्बिणीतून तिथंच बाहेर पडतं. सरांनी आधी जाड तारेचा स्नेअर मागितला. करंट द्यायचा नव्हताच. नेहमीचा हात त्यावर बसलेला, म्हणून. फास पॉलिपभोवती ठेवला, मी हळूहळू आवळायला लागलो, आणि तार चपट्या कडेवरून सरकत वर आली. फासात मधला उंचवटा राहिला, कड बाहेर. आवळलं असतं तर पॉलिप निघाल्यासारखा दिसला असता आणि कडेला त्याचा तुकडा मागं राहिला असता. सर म्हणाले, “सोड, सोड.” फास उघडला. पुन्हा ठेवला, पुन्हा सरकला.

मग पातळ तारेचा घेतला. लहान, ताठ फास नीट उघडला. सरांनी दुर्बिणीचं टोक खाली दाबून तो भिंतीवर टेकवला आणि पॉलिपच्या चहूबाजूंनी दोन मिलिमीटर निरोगी अस्तर आत येईल असा ठेवला. मी आवळलं. तार अस्तरात रुतलेली दिसली, सरकली नाही. पण शेवटच्या टप्प्यात मूठ अडली. पूर्ण दाबूनही कापलं जाईना.

असं होतं तेव्हा नवखा सहाय्यक जोर लावतो. जोरानं काही साधत नाही. फासात अस्तराखालचा थर जास्त आलेला असतो. मी मूठ किंचित सैल केली, सरांनी स्नेअर भिंतीपासून थोडा उचलला, जादाची ऊती फासातून खाली निसटली, आणि पुन्हा आवळल्यावर मुठीत टक् असा हलका झटका जाणवला. सुटला. जाड तार असती तर अशा वेळी ‘जरा करंट देऊ’ असा मोह होतो. या स्नेअरला ती सोयच नव्हती, आणि त्या दिवशी ते बरंच झालं.

जखमेतून रक्त आलं. क्लोपिडोग्रेलवरच्या माणसात येणारच. पाण्याचा झोत मारत राहिलो. पाण्यानं जखम फुगली की कडा स्वच्छ दिसतात आणि काही शिल्लक राहिलंय का तेही कळतं. मधोमध एक पांढरट दोरीसारखा उंचवटा होता. तो पॉलिपचा अवशेष वाटतो, पण बहुधा अस्तराखालच्या थराचाच भाग असतो. कडा साफ होत्या. रक्त झिरपायचं थांबेपर्यंत सर दुर्बीण न हलवता थांबले. क्लिप, म्हणजे जखम मिटवायचा धातूचा लहान चिमटा, लागली नाही. तुकडा ओढून गाळणीत घेताना सक्शनच्या व्हॉल्व्हमध्ये अडकला आणि तो काढण्यात कापण्यापेक्षा जास्त वेळ गेला. दोन्ही पॉलिप वेगवेगळ्या फॉर्मॅलिनच्या बाटल्यांत, वेगळ्या चिठ्ठ्या लावून पाठवले.

दुसरा निर्णय : नुसता एनिमा की पुन्हा पूर्ण तयारी?

आबांना शुद्धीवर आल्यावर पुन्हा यायचंय हे कळलं तेव्हा त्यांना धोक्याचं काही वाटलं नाही, त्या पाण्याचं वाटलं. “त्ये पानी पुन्यांदा न्हाई पिनार मी.” मुलानं रास्त प्रश्न विचारला : पॉलिप खालीच आहे ना, मग नुसता एनिमा देऊन का नाही काढत?

कोल्ड स्नेअरनं काढायचा असता तर कदाचित चाललं असतं. करंट वापरायचा म्हटल्यावर नाही. अर्धवट साफ झालेल्या आतड्यात जिवाणूंनी तयार केलेला हायड्रोजन आणि मिथेन साठलेला असू शकतो. ठिणगीनं त्याचा स्फोट झाल्याच्या घटना दुर्मीळ असल्या तरी वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. हे ऐकल्यावर मुलगा गप्प झाला. आबा नाही. शेवटी पाणी दोन हप्त्यांत प्यायचं, अर्धं आदल्या रात्री आणि अर्धं सकाळी, थंड करून, लिंबू पिळून, यावर तडजोड झाली. आदल्या दिवशी मटणाचा रस्सा बंद, हेही पुन्हा बजावलं. पहिल्या वेळी ‘पांढरा तर हलका असतोय की’ म्हणून वाटीभर घेतला होता, असं नंतर कळलं.

आठवड्यानं दुसरा टप्पा झाला. क्लोपिडोग्रेल थांबलेली, अ‍ॅस्पिरिन चालू. या वेळी जाड, पिळाच्या तारेचा नवा स्नेअर फोडला. टेबलावर ठेवण्याआधी मी तो बाहेरच पूर्ण मिटून बघितला आणि तारेचं टोक नळीत शिरतं तिथं मुठीवर पेनानं खूण केली. आत फास आवळताना मूठ त्या खुणेपासून किती अंतरावर अडते त्यावरून फासात किती ऊती आहे ते कळतं. देठावर ही खूण फार उपयोगी. खुणेच्या फार जवळ गेलो म्हणजे करंटआधीच देठ कापला जाण्याची वेळ आली.

कापायचं कुठं, यावर सर थोडे थांबले. डोक्याला चिकटून कापलं तर पॅथॉलॉजिस्टला तपासायला देठ उरत नाही. भिंतीला चिकटून कापलं तर भिंत भाजायची भीती, आणि रक्त आलं तर पकडायला खुंट राहत नाही. देठाच्या मध्याच्या किंचित वर फास ठेवला. आधी क्लिप लावून मग कापावं का, हाही प्रश्न निघाला. क्लिप धातूची, तार तिला टेकली तर करंट भलतीकडं जातो. म्हणून आधी कापायचं, मग खुंटाला क्लिप, असं ठरलं. मार्गदर्शिका आधीच अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन किंवा प्लॅस्टिकचा फास लावायला सांगतात ते डोकं २० मिलिमीटरचं किंवा देठ १० मिलिमीटरचा असला तर. हा त्यापेक्षा लहान होता.

फास आवळला, देठ दबला, डोकं काळपट निळं पडलं. सरांनी पॉलिप थोडा हलवत ठेवला, कारण डोकं समोरच्या भिंतीला एकाच जागी टेकून राहिलं तर करंट तिथंही भाजतो. पायपट्टी दाबली, पांढरा धूर, मी मूठ एका लयीत मिटत गेलो. देठ सुटला, रक्त नाही. दोन क्लिप लावल्या. एवढं डोकं सक्शनच्या वाटेनं येत नाही, ते जाळीत धरून दुर्बिणीबरोबरच बाहेर काढलं.

तिसरा निर्णय : राहायचं कुठं

आमच्यात सगळ्यात जास्त वाद झाला तो यावर. क्लोपिडोग्रेल दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होणार होती, कारण स्टेंटही सांभाळायचा होता. खपली सुटायचे दिवस आणि गोळीचा जोर चढायचे दिवस एकत्र येणार. त्या आठवड्यात पावसानं जोर धरलेला. सरांनी दोन आठवडे शहरात राहायला सांगितलं. आबांचे मेहुणे शहराला लागूनच असलेल्या पाचगावला राहतात. तो भाग उंचावर, पुराच्या पाण्यापासून लांब. तिथं सोय झाली.

मुलाचं म्हणणं होतं की क्लिपा लावल्यात, रक्त थांबलंय, मग कशासाठी? त्याला खात्रीचं उत्तर आमच्याकडं नव्हतं. शक्यता थोडी होती. पण घडलंच असतं तर वाडीवरून निघालेली गाडी कुठं थांबली असती हे त्यालाही माहीत होतं.

निष्पत्ती

काहीच झालं नाही. रक्तस्राव नाही, ताप नाही, पोटात दुखलं नाही. त्या दोन आठवड्यांत गगनबावड्याचा रस्ता काही काळ बंद राहिला, पण त्याची झळ आबांना लागली नाही. मेहुण्यांच्या घरात शेवटी शेवटी थोडी कुरकुर झाली, असं मुलानं हसत सांगितलं. ‘बघा, राहायला लावलं म्हणून वाचले’ असं या प्रकरणावरून कुणी म्हणू नये. गावी गेले असते तरी बहुधा काही झालं नसतं.

पॅथॉलॉजीत तिन्ही अ‍ॅडेनोमा निघाले. लहान दोन ट्युब्युलर जातीचे, सौम्य पेशीबदलांचे. देठाचा ट्युब्युलोव्हिलस, एका कोपऱ्यात वरच्या दर्जाचे, म्हणजे कर्करोगाकडं जास्त झुकणारे, पेशीबदल, देठाची कापलेली कड मोकळी, कर्करोग नाही. ८ मिलिमीटरच्या पॉलिपच्या अहवालात ‘कड ठरवता येत नाही’ असा शेरा होता. सक्शनमध्ये तुकडा चुरगळला की असं होतं. कापल्यानंतर जखमेच्या कडा नीट बघितल्या होत्या, त्यामुळं त्या शेऱ्यावर लगेच पुन्हा दुर्बीण घालायची गरज सरांना वाटली नाही. १० मिलिमीटरपेक्षा मोठा अ‍ॅडेनोमा असल्यानं पुढची कोलोनोस्कोपी तीन वर्षांनी. हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्यांवर दोन-तीन महिन्यांत १२ च्या पुढं गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी तो फोन. आदल्या दिवशीच्या फोनवर ‘गोळ्यांची पाकिटं हातात घ्या आणि नावं वाचून दाखवा’ असं विचारलं असतं तर क्लोपिडोग्रेलचा विषय आधीच निघाला असता. हृदयरोगतज्ज्ञांशी बोलणं, पाच दिवस थांबणं, मग एकाच दिवशी तिन्ही पॉलिप. दुसरी तयारी, दुसरी गुंगी आणि आबांचा दुसऱ्यांदा रोजगार बुडणं टळलं असतं. आता तपासणीच्या आठवडाभर आधी सिस्टर हा फोन करतात आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची नावं मराठीत छापलेली यादी समोर ठेवून विचारतात. ‘रक्त पातळ करायची गोळी घेता का’ असं विचारलं तर बरेच जण नाही म्हणतात. त्यांच्या लेखी ती हृदयाची गोळी असते.

दुसरं, चपट्या पॉलिपवर आधी जाड स्नेअर घेण्यात फासाच्या दोन फेऱ्या वाया गेल्या. सवय सोडली तर त्याला कारण नव्हतं.

तिसरं, दोन आठवडे शहरात राहायचा सल्ला सगळ्यांना देता येणार नाही. ज्यांचे शहरात पाहुणे नाहीत त्यांनी काय करायचं? अशा रुग्णासाठी करंटचं काम पावसाआधी किंवा पावसानंतर घेता येतं का हे आधी बघायचं, आणि लहान पॉलिप मात्र कोल्ड स्नेअरनं कधीही काढायचे, असा विचार आता होतो. रक्त जाणारा पॉलिप असेल तर मात्र थांबता येत नाही. तिथं प्रत्येक वेळी नव्यानंच बसून ठरवावं लागेल.

खरेदीचा प्रश्न

खरेदी विभागाला लेखी उत्तर द्यायचं होतं. पातळ तारेच्या बाजूनं एक जुना पुरावा हाताशी होता : २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जपानी डॉक्टरांनी केलेल्या तुलनेत लहान पॉलिप पूर्ण निघण्याचं प्रमाण पातळ तारेच्या खास स्नेअरनं ९१ टक्के आणि नेहमीच्या स्नेअरनं ७९ टक्के आलं होतं. एवढंच लिहून पाठवलं असतं तर मागणी लगेच मंजूर झाली असती. पण नंतरच्या काही चाचण्यांत असा फरक दिसलेला नाही. आणि २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात, ५ ते २० मिलिमीटरचे पॉलिप काढल्यावर सुमारे १० टक्के अर्धवट राहिल्याचं आढळलं, तेव्हा एका डॉक्टरपासून दुसऱ्यापर्यंत हे प्रमाण ६.५ पासून २२.७ टक्क्यांपर्यंत बदलत होतं. तारेच्या जाडीपेक्षा हातातला फरक मोठा आहे, असं मी त्यातून वाचतो. करंट द्यायचा की नाही हा प्रश्न तारेच्या जाडीपेक्षा वजनदार आहे, हेही.

म्हणून मागणी अशी गेली : पातळ तारेचे स्नेअर मोजके, १० मिलिमीटरपर्यंतच्या बसकट आणि चपट्या पॉलिपसाठी. जाड तारेचे नेहमीप्रमाणं, देठाच्या आणि मोठ्या पॉलिपसाठी. प्रत्येक अहवालात कोणता स्नेअर, करंट दिला की नाही आणि तुकडा मिळाला की नाही या तीन नोंदी सक्तीच्या. वर्षानं आमच्याच नोंदी बघून मागणी वाढवायची की कमी करायची ते ठरेल.

जाड स्नेअर धुऊन पुन्हा वापरायचा विषय त्याच पत्रात होता. वेष्टनावर ‘एकदाच वापरा’ असं छापलेलं असतं. तरीही धुऊन वापरणं अनेक ठिकाणी चालतं, कारण बिल रुग्णाच्या खिशातून जातं. नळीच्या आतली घाण ब्रशनं निघत नाही. पुन्हा पुन्हा वापरलेला फास एका बाजूला कलतो, पिळातली एखादी बारीक तार तुटून वर येते. कोल्ड कामात असा फास सरकतो, करंटच्या कामात तो कुठं भाजेल सांगता येत नाही. या भागाला अजून उत्तर आलेलं नाही. तोवर मी प्रत्येक स्नेअर आत देण्याआधी उजेडात धरून दोनदा उघडतो-मिटतो आणि फास तिरका उघडला तर तिथंच कापून टाकतो, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या ट्रेमध्ये येत नाही.